ब्रेसेसभोवती पुन्हा पुन्हा येणारे पांढरे डाग: आधी जागा बघा, मग उपाय

तारा लावून सहा-सात महिने झालेले असतात. दात रांगेत यायला लागलेले असतात, घरचे खूश असतात, आणि एक दिवस ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत खडूसारखा पांढरा डाग दिसतो. डॉक्टरांकडे जाऊन दात साफ होतात, फ्लोराइडचा लेप लागतो. महिना-दोन महिने बरे जातात. मग शेजारच्या दातावर तसाच डाग. पुन्हा सफाई, पुन्हा लेप, आणि सगळ्यांकडून एकच उपदेश: "नीट घासत जा रे."

मी तारा लावणारा डॉक्टर आहे. दुखण्याची तक्रार पहिल्या आठवड्यात संपते, ही मात्र दोन वर्षं पाठ सोडत नाही. माझं म्हणणं असं की डाग नेमका कुठे आलाय यावरून तो का आलाय हे बहुतेक वेळा कळतं. ते न बघता केलेला उपाय टिकत नाही, म्हणून डाग परत येतात.

डाग म्हणजे नेमकं काय झालंय

बहुतेकांची समजूत अशी की वायरने दात झिजला किंवा ब्रॅकेट चिकटवायच्या सिमेंटने तो पांढरा पडला. दोन्ही चूक. ब्रॅकेटच्या खालचा इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, उलट सगळ्यांत सुरक्षित असतो. शेवटी ब्रॅकेट काढल्यावर ज्यांचे दात खराब झालेत त्यांच्या दातावर मधला चौकोन मूळ रंगाचा दिसतो आणि त्याभोवती पांढरी चौकट. हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा सिमेंटला दोष देत नाही.

ब्रॅकेटच्या आजूबाजूला प्लाक साचतो, म्हणजे जिवाणूंचा तो चिकट पांढुरका थर. साखर किंवा पिठूळ पदार्थ तोंडात गेले की त्यातले जिवाणू आम्ल तयार करतात. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. गंमत अशी की वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहतो आणि पोकळी त्याच्या खाली तयार होते. आत सूक्ष्म छिद्रं झाल्यामुळे उजेड सरळ जात नाही, विखुरतो. म्हणून तो भाग पांढरा, अपारदर्शक दिसतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. दात ओला असताना छिद्रांत पाणी असतं आणि डाग लपतो. दात सुकवला की छिद्रांत हवा शिरते आणि तोच डाग उठून दिसतो. मी हवेच्या नळीने दात पाच सेकंद सुकवतो तेव्हा घरच्यांना "हा तर मगाशी नव्हता!" असं वाटतं. फक्त सुकवल्यावर दिसणारा डाग अगदी सुरुवातीचा असतो. थुंकीने ओला असतानाही दिसतो तो खोल गेलेला असतो. घरी हे बघायचं तर आरशासमोर ओठ वर धरा, टिश्यूने दात पुसा, तोंडाने दोन-चार श्वास घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारा.

दुसरी गोष्ट वेळेची. हे डाग वर्ष-वर्षभर वाट बघत नाहीत. प्लाक हललाच नाही तर साधारण चार आठवड्यांत ब्रॅकेटभोवती दिसेल इतका क्षार निघून जाऊ शकतो. तुमच्या दोन भेटींमध्ये अंतर असतं चार ते सहा आठवड्यांचं. म्हणजे एका भेटीला सगळं ठीक होतं आणि पुढच्या भेटीला डाग, हे अगदी शक्य आहे.

आधी खात्री करा: डाग नवा आहे ना?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारावाच लागतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या बऱ्याच गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर फ्लोरोसिसचे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. ते डावी-उजवीकडे जोडीने येतात, आडव्या रेघांसारखे पसरलेले असतात, त्यांच्या कडा पुसट असतात, आणि ब्रॅकेट कुठे आहे याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. ब्रेसेसमुळे येणारा डाग ब्रॅकेटची कड किंवा हिरडीची रेघ धरून बसतो. काही मुलांच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात मुळातच कच्च्या इनॅमलचे उगवतात. तो ठिपका पिवळसर, ठळक कडेचा असतो आणि दात उगवला तेव्हापासून असतो.

म्हणून तारा लावायच्या आधीचे फोटो हवेत. क्लिनिकमध्ये काढलेले असतातच, ते मागून घ्या. नसतील तर जुन्या वाढदिवसाच्या फोटोत मूल हसलेलं असेलच. अर्धे वाद त्या एका फोटोने मिटतात.

फ्लोरोसिसच्या भागातले पालक आणखी एक गोष्ट करतात: फ्लोराइडची टूथपेस्टच बंद करतात. त्यांची भीती समजते, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या दिसणाऱ्या दातांचा इनॅमल तयार होऊन गेलेला असतो. त्याला आता नव्याने फ्लोरोसिस होऊ शकत नाही. पिण्याचं पाणी बदलायलाच हवं, ते हाडांसाठी. पेस्ट थुंकायची असते, गिळायची नाही. ब्रेसेस असताना ती बंद करणं म्हणजे ढाल खाली ठेवणं.

जागेवरून कारण ओळखा

*वरचे पुढचे दात, ब्रॅकेट आणि हिरडीच्या मध्ये.* ही सगळ्यांत नेहमीची जागा. त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारचे छोटे दात आणि सुळे. छोटे दात जरा आत असतात, त्यामुळे ब्रश त्यांच्यावरून सरकून जातो. सुळ्याच्या कोपऱ्यावर हात वळतो आणि ब्रश उडी मारतो.

दहावीतला एक मुलगा आईबरोबर येतो. आई सांगते, "डॉक्टर, माझ्यासमोर घासतो हो, दोन वेळा." मी प्लाक दाखवणारा रंग लावतो. हा दोन रंगांत चढतो: ताजा प्लाक गुलाबी, जुना प्लाक निळा. चूळ भरून तो आरशात बघतो. ब्रॅकेटचे पुढचे चेहरे लखलखीत, आणि वरच्या हिरडीला लागून गडद निळी रेघ. "पण मी इथे घासलं होतं," तो म्हणतो, आणि खरंच घासलेलं असतं. ब्रश त्या पट्टीपर्यंत पोचलाच नव्हता. ब्रॅकेट पुढे आलेलं असतं, ब्रशचे केस त्याच्यावर आदळून थांबतात, आणि मागची दोन मिलिमीटरची पट्टी कोरडीच राहते. निळा रंग म्हणजे ती पट्टी दोन-दोन दिवस तशीच आहे.

इथे उपाय जास्त वेळ घासण्याचा नाही, कोन बदलण्याचा आहे. वरच्या दातांसाठी डाव्या हाताच्या बोटाने ओठ वर धरा. पहिला फेरा: ब्रश हिरडीकडे तिरका, केसांची टोकं हिरडी आणि दाताच्या सांध्यात, जागेवरच छोटी थरथर. दुसरा फेरा: ब्रश ब्रॅकेटच्या वरच्या कडेवर, टोकं खाली. तिसरा: ब्रॅकेटच्या खालच्या कडेवर, टोकं वर. खालच्या दातांना हेच उलट. ब्रश मऊ हवा. मध्ये खाच असलेले ब्रेसेसचे ब्रश मिळतात, ते चांगले आहेत, पण कोन चुकला तर तेही काही करत नाहीत. रंगाच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. पहिले काही आठवडे रविवारी एकदा घासल्यावर चावायला द्या. पालकांच्या शंभर सूचनांपेक्षा ती निळी रेघ मुलाला जास्त कळते.

हिरडी सुजलेली असेल तर हे सगळं अवघड होतं. सुजलेली हिरडी खाली उतरून ब्रॅकेटला टेकते, मधली पट्टी झाकली जाते, आणि डाग तिच्या आड वाढत राहतो. घासताना रक्त येतं म्हणून मूल तिथे घासायचं टाळतं आणि सूज आणखी वाढते. रक्त येतंय तिथेच, मऊ ब्रशने, घासायचं. आठवडा-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर क्लिनिकमध्ये सफाई करून घ्या.

याच जागेचा दुसरा संशयित म्हणजे तोंडाने श्वास घेणं. पुढे आलेले दात, न मिटणारे ओठ, रात्री उघडं तोंड: तारा लावायला येणाऱ्या बऱ्याच मुलांची हीच तर मूळ तक्रार असते. वरचे पुढचे दात रात्रभर कोरडे राहतात. आम्ल शमवणारी आणि क्षार परत देणारी थुंकी तिथे पोचतच नाही. सकाळी ओठ फाटलेले, हिरडी फक्त समोरच लाल, असं असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवा. नाक चोंदलेलं असेपर्यंत पेस्ट बदलून फारसं साधत नाही.

*खालचे पुढचे दात.* इथे डाग कमी येतात, कारण जिभेखालच्या ग्रंथींची थुंकी सतत तिथे येत असते. तिथे किटण जास्त साचतं, डाग कमी. म्हणून खालच्या पुढच्या दातांवरही पांढरे डाग दिसले तर मी ब्रशबद्दल विचारतच नाही, सरळ खाण्यापिण्याबद्दल विचारतो. एक तर दिवसभर साखरेचा मारा चालू आहे, नाहीतर थुंकीच कमी झाली आहे. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं; मुरुमांसाठी घेतली जाणारी आयसोट्रेटिनोइन त्यातलीच. औषध मनाने बंद करू नका, पण चालू आहे हे तारा लावणाऱ्याला सांगा.

*दोन ब्रॅकेटच्या मध्ये, वायरच्या खाली.* ब्रश वायरवरून जातो, खाली जात नाही. यासाठी छोटा बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश वायरच्या मागून वर-खाली फिरवायचा, एकदा वरून आणि एकदा खालून. पाण्याचा फवारा मारणारं वॉटर फ्लॉसर अन्नाचे कण छान काढतं, पण चिकटलेला प्लाक पूर्ण काढत नाही. त्याला ब्रशची जागा देऊ नका. दाताला दात जोडणारी रबराची साखळी असेल तर तिथे प्लाक जास्त अडकतो. डाग वारंवार येत असतील तर डॉक्टरांना विचारा की रंगीत रबरांऐवजी बारीक स्टीलच्या तारेने बांधता येईल का. मुलांना रंग हवे असतात, गणपतीत केशरी, विश्वचषकाच्या वेळी निळा. पण हिरडी लाल असलेल्या तोंडात मी स्टीलच घालतो.

*ब्रॅकेटला चिकटून चारही बाजूंनी बारीक चौकट.* हे काम तुमचं नाही, आमचं आहे. ब्रॅकेट चिकटवताना बाहेर आलेलं जास्तीचं सिमेंट पुसलं गेलं नसेल तर त्याच्या खरखरीत कडेवर प्लाक घट्ट बसतो. नखाने हळूच चाचपलं तर ब्रॅकेटच्या कडेला ओबडधोबड कठडा लागतो. पुढच्या भेटीत न लाजता सांगा: "इथे सिमेंट जास्त आहे का, जरा बघता?" पाच मिनिटांत गुळगुळीत करून मिळतं.

*दाढेच्या बँडखाली.* सगळ्यांत वाईट डाग इथे येतात आणि सगळ्यांत उशिरा दिसतात. दाढेवरच्या गोल पट्टीचं सिमेंट सुटलं की बँड बाहेरून जागेवरच वाटतो, पण आत थुंकी, साखर आणि जिवाणू शिरतात आणि बाहेर निघत नाहीत. काही आठवड्यांत तिथला इनॅमल भुसभुशीत होऊ शकतो. ओळखायचं असं: चावताना दाढ किंचित हलल्यासारखी वाटते, बँडच्या कडेवर बोट दाबलं की बुडबुडा निघतो, किंवा तोंडाला एकाच बाजूने वास येतो. असं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात फोन करा. सुटलेल्या ब्रॅकेटला थोडी उसंत असते, सैल बँडला नसते. आणि घरी पक्कड घेऊन दोन्हीपैकी काहीच ओढू नका. इनॅमलचा टवका निघतो तो अशाच वेळी.

*दाताचं टोक झिजलंय, पांढरेपणा नाही.* हा आम्लाचा मामलाच नाही. सिरॅमिकचे, म्हणजे दाताच्या रंगाचे, ब्रॅकेट इनॅमलपेक्षा कठीण असतात. वरचे दात खालच्यांवर खोल बसत असतील आणि खाली सिरॅमिकचे ब्रॅकेट असतील तर वरच्या दातांच्या कडा त्यांच्यावर घासतात. वरच्या सुळ्याची अणी सपाट होत चालली किंवा मिटताना टकटक लागली की सांगा. दाढांवर किंवा वरच्या दातांच्या मागे सिमेंटचा छोटा उंचवटा करून दात थोडे उघडे ठेवता येतात, किंवा खाली धातूचे ब्रॅकेट लावता येतात. पेस्टने हे थांबत नाही. झिजलेला इनॅमल परत येत नाही.

*सगळीकडे गुळगुळीत, चकचकीत, प्लाक तर कुठेच नाही.* ब्रशिंग उत्तम, तरी दात पातळ आणि संवेदनशील. इथे आम्ल जिवाणूंचं नसतं, पेयातलं असतं. कोला, पॅकेटमधले ज्यूस, खेळाडूंची पेयं, सकाळी उठून लिंबूपाणी, उन्हाळ्यात पन्हं आणि कोकम सरबत घोट घोट पिणं. व्यायामशाळेत जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. आम्ल पिऊन झाल्याझाल्या ब्रश करू नका. मऊ झालेला थर त्याने घासला जातो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

ब्रश नीट, तरी डाग: मग वेळापत्रक बघा

गोड किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. प्रत्येक वेळी गोड किंवा पिठूळ तोंडात गेलं की काही मिनिटांत पीएच घसरतो आणि परत वर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात थुंकी नीट पोचत नाही, तिथे आणखी जास्त. जेवणानंतर चार लाडू एकदम खाल्ले तर घसरण एकदाच. तेच चार लाडू दिवसभरात चार वेळा खाल्ले तर चार वेळा.

मी मुलांना एका दिवसाची यादी लिहायला सांगतो, जे तोंडात गेलं ते सगळं. सकाळी चहा-बिस्किटं. मधल्या सुट्टीत डबा, मित्राने दिलेली गोळी. घरी आल्यावर चॉकलेट पावडरचं दूध. क्लासला जाताना वडापाव आणि अर्धी बाटली थंड पेय, उरलेली अर्धी क्लासमध्ये घोटाघोटाने. रात्री अभ्यास करताना वेफर्स. झोपताना खोकल्याचं गोड औषध. आई यादी वाचते आणि गप्प होते, कारण चॉकलेट त्यात कुठे फारसं नसतंच.

त्यातलं काय बदलायचं? सगळं नाही, एवढंच: खाण्याच्या वेळा पाच-सहावर आणा, मधल्या वेळात फक्त पाणी, आणि रात्रीच्या ब्रशनंतर काहीही नाही, औषधसुद्धा आधी. झोपेत थुंकी अगदी कमी होते, त्यामुळे रात्री उरलेल्या साखरेला अडवणारं कोणी नसतं. दुपारचा गोड पदार्थ जेवणाला जोडून खाल्ला तर हरकत नाही. उपवासाच्या दिवशी वेगळी काळजी: साबुदाणा, बटाटा, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, वेफर्स, दर तासाला काहीतरी. पोटाला उपवास आणि दाताला अखंड जेवण. दिवाळीचा फराळ तसाच. चिक्की आणि संक्रांतीच्या कडक तिळगुळाचं दुखणं वेगळं. त्याने ब्रॅकेट तुटतं. गुढीपाडव्याची गाठी चघळत बसणं हे दोन्ही करतं.

पेस्ट, चूळ, लेप: काय कशासाठी

टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते वाचा. भारतात कॉस्मेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टला १००० पीपीएमची मर्यादा आहे आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. आकडाच नसेल तर बहुधा फ्लोराइडच नाही. बऱ्याच वनस्पतीजन्य पेस्ट अशा असतात. एरवी त्या वापरायच्या की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, ब्रेसेस असेपर्यंत मात्र नकोत. युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांनी आणलेल्या ट्यूबवर १४५० दिसेल, ती या वयाला चालते. ब्रिटनमध्ये ५००० पीपीएमची पेस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि १६ वर्षांवरच्यांनाच मिळते. ती मनाने मागवून लहान मुलाला देऊ नका. कोळशाची पेस्ट, खरखरीत दंतमंजन, मिश्री: तिन्ही बंद. मिश्री तर तंबाखूच आहे.

घासून झाल्यावर फेस थुंका आणि खळखळून चूळ भरू नका. आपल्याकडे हे पटायला वेळ लागतो, पण पाण्याने धुतलं की फ्लोराइडही धुतलं जातं.

फ्लोराइडची चूळ ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडची, साधारण २२५ पीपीएम, दिवसातून एकदा. ती ब्रशच्या लगेच नंतर न घेता वेगळ्या वेळी घ्या, शाळेतून आल्यावर वगैरे. लेबलवर सोडियम फ्लोराइड लिहिलंय ना ते बघा. बाजारातल्या कित्येक माउथवॉशमध्ये नुसता गार वास असतो.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चूळ सुजलेल्या हिरडीसाठी आठ-पंधरा दिवस ठीक. त्याने दात तपकिरी होतात, चव बिघडते, आणि ब्रशच्या लगेच नंतर घेतली तर पेस्टमधल्या फेसकारकामुळे तिचा जोर कमी होतो. डाग रोखायला तिच्यावर विसंबू नका.

क्लिनिकमधल्या फ्लोराइडच्या लेपात २२,६०० पीपीएम असतं, म्हणून तो थोडासाच आणि डॉक्टरांनीच लावायचा. डागांची खोड असलेल्या तोंडात मी तो दर भेटीला, सुमारे सहा आठवड्यांनी, लावतो. वर्षातून एकदा लावून उपयोग नाही. लेप लावलेल्या रात्री दात पिवळट, चिकट वाटतात. तेवढी रात्र ब्रश करू नका आणि कडक खाऊ नका. दुधातल्या केसीनपासून केलेली क्रीमही मिळते. मदत होते, पण फ्लोराइडच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर ती क्रीम अजिबात नको.

कधी थांबायचं

सगळं करून दोन-तीन भेटींत डाग वाढतच असतील तर काही आठवडे वायर काढून ठेवावी, हिरडी बरी होऊ द्यावी, आणि मग पुढे जावं. पालकांना यात वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. तपकिरी झालेला, खरखरीत लागणारा, टोकदार वस्तू अडकेल असा डाग म्हणजे खड्डा पडायला सुरुवात. त्याला लेप नको, लगेच भरायला हवा. आणि काही वेळा उत्तर हेच असतं की दात थोडे वाकडे राहिले तरी चालतील, पण तारा आता काढायच्या. सरळ रांगेत पांढऱ्या चौकटींचे दात हा काही चांगला सौदा नाही. हे डॉक्टरांनी म्हणायच्या आधी तुम्हीही विचारू शकता.

तारा काढल्यावर उरलेले डाग

इथे सगळ्यांना घाई असते. बहीण-भावाचं लग्न जवळ असेल तर विचारूच नका. पण पहिले काही महिने निसर्गाला द्या. ब्रॅकेट गेले, प्लाक गेला, थुंकी पोचायला लागली की कॅल्शियम-फॉस्फेट हळूहळू परत भरतं. सर्वाधिक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते. पुढच्या दातांवर मोठे डाग असतील तर या काळात जास्त ताकदीचा फ्लोराइडचा लेप थेट त्यांच्यावर मी लावत नाही. वरचा थर पटकन घट्ट होतो, आतली पोकळी तशीच अडकते, आणि डाग कायमचा पांढरा राहतो. साधी फ्लोराइडची पेस्ट मात्र चालू ठेवायची.

सहा महिन्यांनीही डाग डोळ्यांत भरत असेल तर मार्ग तीन. डाग उथळ असेल तर आम्ल आणि बारीक घर्षक पूड यांनी इनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढता येतो. डाग खोल पण पृष्ठभाग अखंड असेल तर जर्मनीत विकसित झालेली रेझिन (दातात शिरून घट्ट होणारं पातळ प्लास्टिकसारखं द्रव्य) शिरवण्याची पद्धत आहे, आयकॉन नावाने मिळते: हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा थर उघडायचा, अल्कोहोलने सुकवायचं आणि पातळ रेझिन छिद्रांत शोषू द्यायचं. छिद्रं भरली की उजेड पुन्हा सरळ जातो आणि डाग विरतो. अल्कोहोल टाकल्यावर डाग फिका पडला तर निकाल चांगला येणार हे तिथल्या तिथे कळतं. तुमच्या डॉक्टरांना ते दाखवायला सांगा. तिसरा मार्ग ब्लीचिंग. त्याने डाग जात नाही, आजूबाजूचा दात उजळतो म्हणून फरक कमी दिसतो. तारा काढल्याच्या आठवड्यात ते करू नका, आणि घरी लिंबू-सोडा तर कधीच नको.

खड्डा पडलेला असेल तर दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट भरायचं, यात निवड नाही.

एक शेवटचं कलम, कारण त्यासाठीच लोक परत येतात. तारा गेल्यावर दात जागेवर ठेवायला पारदर्शक रिटेनर मिळतो. तो घालून गोड चहा किंवा सरबत प्यायलं तर पेय आत शिरतं आणि थुंकी बाहेरच राहते. जिथे कधी डाग नव्हते अशा दातांच्या टोकांवरही डाग येतात. अदृश्य अलायनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) वापरणाऱ्यांनाही हेच लागू. तोंडात रिटेनर असताना फक्त साधं पाणी, बाकी काही घ्यायचं तर तो काढून डबीत. जेवणाच्या ताटात टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवला तर तो कचऱ्यात जातो, आणि नवा येईपर्यंत दात हलतात.